सोयाबीनचा सोयरा

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शालिकराम हे किन्हीराजाच्या शिवारातले सगळ्यात खडूस शेतकरी आहेत. हे त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते. ते बीजोत्पादक आहेत. म्हणजे त्यांच्या शेतातलं सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जात नाही, पुढच्या हंगामात दुसऱ्यांच्या शेतात पेरायला जातं. अशा शेतात परक्या वाणाचं एक झाड दिसलं तरी ती भेसळ, आणि भेसळ म्हटली की त्यांच्या कपाळावरची शीर उठते. फुलोऱ्याच्या दिवसांत ते ओळीओळीनं वाकून फिरतात आणि ज्या झाडाचं पान जरा निराळं दिसेल ते मुळासकट उपटतात. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी तुरीच्या वरणात मिसळलेली हरभऱ्याची डाळ ओळखली होती. माझ्या माहेरचे ते अजून विसरलेले नाहीत.

त्यांचा दुसरा नेम गोणपाटाचा. पेरणीआधी आमच्याकडे बरेच जण तो पाळतात, पण भासऱ्यांइतका कडक कुणी नाही. ओलं गोणपाट अंगणात पसरायचं, त्यावर बियांच्या ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यानं गुंडाळी उलगडायची. शंभरात सत्तर उगवले तर ते बी. त्याच्या खाली आले तर तो नुसता दाणा, मग तो कुणीही आणलेला असो. एकदा माझ्या सख्ख्या भावानं आणलेल्या पोत्याला त्यांनी दाणा ठरवलं होतं. भाऊ चहा न घेता गेला.

गंमत म्हणजे, एवढं सोयाबीन पिकवणाऱ्या या घरात सोयाबीनचं तेल चुलीपर्यंत पोचत नाही. भासऱ्यांना करडईचंच तेल लागतं. घरापुरती करडई ते हरभऱ्याच्या कडेनं लावतात. सोयाबीनच्या तेलाला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वास येतो. ताजं असतं तोवर ठीक, पण डबा उघडून चार दिवस झाले की भाजीत काहीतरी शिळं पडल्यासारखं लागतं. आम्हाला कुणाला तो वास येत नाही. पण ज्याला वरणातली हरभऱ्याची डाळ कळते त्याच्याशी वाद कोण घालणार?

वाद घातला तो त्यांच्या मुलीनं. राधिका, माझी पुतणी, लहानपणापासून त्यांच्यामागे ओळीओळीनं फिरलेली. ती शेतकी शिकली, पुढे शिकली, आणि परजिल्ह्यातल्या एका संशोधन केंद्रात सोयाबीनवरच काम करायला लागली. बाबांना ज्या तेलाचा वास येतो तेच सुधारायचं, असं तिनं ठरवलं. सुट्टीत आली की ती मला समजावून सांगायची. सोयाबीनच्या तेलाला हवा लागली की ते खवट होतं. पण सोयाबीनचा एक रानातला भाऊबंद आहे. तिकडे चीन-कोरियाच्या बाजूला नदीकाठानं आपला आपण उगवतो, वेलासारखा चढतो, दाणा मिरीपेक्षा थोडा मोठा आणि काळपट. कुणी तो पेरत नाही आणि कुणी खात नाही. त्यातल्या एका झाडात तेल टिकवणारा गुण फार होता, लोणच्याला मीठ टिकवतं तसा. राधिकेनं त्या रानटी झाडाचा आपल्या सोयाबीनशी संकर केला, त्याच्या पिल्लावळीतून निवडत निवडत पुढे गेली आणि शेवटी एक ओळ, म्हणजे एकसारख्या गुणांच्या बियाण्याचं घराणं, तिच्या हाती लागली. झाड बरंचसं आपल्यासारखं उभं, फक्त शेंडा वेलासारखा वळणारा. दाणा बारीक. पण तेल महिनोन्महिने उघडं ठेवलं तरी बिघडत नव्हतं.

"सोयाबीनचा सोयरा आणला म्हण की," मी म्हटलं, आणि घरात त्याचं तेच नाव पडलं. भासरे मात्र हसले नाहीत. रानटी झाडाशी सोयरीक म्हणजे त्यांच्या लेखी मुद्दाम केलेली भेसळच. पण मुलीपुढे ते तसं बोलले नाहीत. ती समजावत होती तेव्हा पानातली भाकरी तशीच ठेवून ते ऐकत बसले होते.

उन्हाळ्यात राधिका त्या बियाची एक पुडी घेऊन आली. मूठभरच होतं. बाकी सगळं केंद्रात पेरायचं होतं. एवढं मागे राखून ठेव, असं तिच्या वरिष्ठांनी तिला सांगितलं होतं. तिनं ते राखलं ते बाबांच्या हातात, कारण आपल्या काळ्या जमिनीत ते कसं येतं हे तिला बघायचं होतं. विहिरीजवळचा एक पट्टा तिनं निवडला. शेंडा चढायला झाडाशेजारी तुराट्या रोवायच्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, हेही सांगून ठेवलं. पेरायला मीच येईन, म्हणाली. पण मृगात तिकडची पेरणी आणि इकडची पेरणी एकदमच आली. तिनं फोन करून सांगितलं की माझ्यासाठी थांबू नका, तुम्हीच पेरा.

पुढचं मला जावेकडून, गिरजाबाईंकडून, फार उशिरा कळलं. पण गोष्ट नीट लागावी म्हणून इथेच सांगते. भासऱ्यांनी पुडी सोडली आणि आधी गोणपाट भिजवलं. मुलीचं बी असलं म्हणून काय झालं? दोन-तीन ओळी मांडल्या. रोज पाणी शिंपडलं. आठवड्यानं गुंडाळी उलगडली, तर एकही कोंब नव्हता. त्यांनी आणखी दोन दिवस वाट पाहिली. तरी काही नाही. त्यांनी ते दाणे पुसले, वाळवले, पुडीत परत घातले आणि पुडी देवघरात, देवाच्या पाटामागे ठेवून दिली. बी मेलेलं होतं. मुलीनं इतकी वर्षं खपून केलेलं बी मेलेलं आहे, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, हे काही त्यांना सुचलं नाही.

मग त्या माणसानं एक गोष्ट केली, जी त्यानं जन्मात केली नव्हती. स्वतःच्या पोत्यातलं निवडक बी घेतलं आणि राधिकेच्या पट्ट्यात पेरलं. वर तुराट्याही रोवल्या. ताठ उभ्या वाढणाऱ्या सोयाबीनला तुराटीचा आधार म्हणजे धडधाकट माणसाच्या हातात कुबडी. मी एकदा शाळेतून येताना ते पाहिलं आणि मनात म्हटलं, सोयरा बराच सुधारलेला दिसतो. मला कुठे कळतंय त्यातलं. मी शिरपूर जैनला मराठी शिकवते.

राधिका फोनवर विचारायची, शेंडा वळला का? भासरे म्हणायचे, "वळून राह्यला." चढतोय का? "चढून राह्यला हळूहळू." कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा फार थोडकं बोलतो, आणि ते तर एरवीही थोडकंच बोलत. त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

त्या पावसाळ्यात पाऊस थांबेना. आमचं शिवार उताराचं, पाणी वाहून गेलं. राधिकेच्या केंद्राचं शेत मात्र सखल. आठवडाभर पाणी साचून राहिलं आणि ती ओळ मुळासकट सडली. तिचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे ओसरीवर होतो. ती रडत नव्हती, उलट फार शांत होती. तिकडचं सगळं गेलं, म्हणाली. आता जे आहे ते तुमच्या पट्ट्यात आहे बाबा. ते जपा, मी येते आहे.

भासऱ्यांनी फोन जावेच्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेले. धारा काढायच्या वेळी त्यांनी जावेला सगळं सांगितलं, आणि जावेनं मला. आम्ही दोघींनी ठरवलं की ती यायच्या आत तिला फोन करून सांगायचं. मग जाऊ म्हणाली तू सांग, मी म्हटलं तुम्ही आई आहात. असं करता करता राधिका वाशीमला उतरलीसुद्धा.  वर्गात साठ पोरांना दटावणारी मी, पण हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

ती बसमधून उतरली ती घरी न येता थेट शेतात गेली. फाट्यावरच्या कुणीतरी तिला पाहिलं आणि आम्हाला निरोप दिला. आम्ही पोचलो तेव्हा भासरे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे होते आणि ती पट्ट्यात. सोयाबीन दृष्ट लागण्यासारखं आलं होतं. गुडघ्याच्या वर गेलेलं, शेंगांनी लगडलेलं, एकसारखं. शेजारी तुराट्या कोरड्याच उभ्या होत्या, एकीलाही वेढा नाही. राधिकेनं एका झाडाचा शेंडा दोन बोटांत धरला, सोडला, पुढच्याचा धरला, सोडला. ज्या बापामागे फिरून ती झाडं ओळखायला शिकली त्याच्या पिकात तिला फसवणं शक्यच नव्हतं.

"बाबा, हे आपलं हाये," ती म्हणाली.

भासरे म्हणाले, "हो."

"माह्यं कायले नाही पेरलं? रानटी म्हणून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिला वाटलं होतं की बापानं तिचं काम कधी पदरात घेतलंच नाही. समजून ऐकल्यासारखं केलं आणि भेसळ नको म्हणून बाजूला टाकलं. हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला दिसत होतं तर बापाला दिसलंच असणार.

"तुह्यं बी मेलं होतं, माय," भासरे म्हणाले. "गोणपाटात घालून पाह्यलं. एक दाना उगवला नाही. तुले कसं सांगू, मले समजेना."

एवढं बोलून ते धुऱ्यावरच बसले. जाऊ पदर तोंडाला लावून उभी होती. मी पायाखालची ओली माती बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.  राधिकेनं एक प्रश्न विचारला, आणि तो मला आधी अगदीच बिनमहत्त्वाचा वाटला.

"मेलेलं बी गोणपाटात कुजते, बाबा. हे कुजलं का?"

भासऱ्यांनी मान वर केली. आठवून आठवून सांगितलं की नाही, कुजलं नाही. वास नाही, बुरशी नाही. फुगलंसुद्धा नाही. मांडलं होतं तसंच्या तसं होतं, पुसून ठेवलं. सांगता सांगताच त्यांचा आवाज हळू झाला. आयुष्यभर बियाण्यात काढलेल्या माणसाला ती गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. पण शंभरात शून्य आल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे बी नव्हतंच, मुलगी होती.

राधिका खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिनं सांगितलं. रानटी सोयाबीनची साल फार कठीण असते, पाणी आतच शिरू देत नाही. रानात कोण त्याला पेरतं, कोण जपतं? म्हणून ते आपलं आपण वर्षानुवर्षं मातीत थांबून राहतं, साल झिजली की मगच उगवतं. हा गुण त्या ओळीत अजून उतरत होता. केंद्रात ते पेरण्याआधी प्रत्येक दाण्याच्या सालीला चीर पाडतात. ती स्वतः पेरायला येणार होती, म्हणून सांगायचं राहिलं. नंतर फोनवर घाईत विसरलं.

"म्हणजे माह्यं चुकलं," ती म्हणाली. "तुमचं नाही."

भासऱ्यांनी ते मान्य केलं नाही. चूक कुणाची याच्यावरून बापलेक घरापर्यंत वाद घालत आले, आणि मला फार बरं वाटलं.

पण बी जिवंत आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. आठवडाभर ओल्यात राहिलेलं, मग वाळवलेलं, मग जवळजवळ अख्खा पावसाळा पाटामागच्या दमटपणात काढलेलं बी. राधिकेनं पुडी सोडली. थोडेसे दाणे तिनं बाजूला काढले. नेलकटरनं प्रत्येकाच्या सालीचा कणभर टवका उडवायचा होता, पण कोंबाची बाजू सोडून. मी चष्मा लावून दोन दाणे केले आणि तिसरा उडून चुलीमागे गेला. तो शोधायला सगळं घर पालथं घातलं. सापडला तेव्हा मला पुन्हा नेलकटर मिळालं नाही.

गोणपाट भासऱ्यांनीच भिजवलं. ओळी मात्र त्यांनी राधिकेला मांडू दिल्या.  राधिकेनं रजा वाढवली. जाऊ तिच्या आवडीचं करून घालत होती आणि ती ताटातलं चिवडत होती. भासरे सकाळी पाणी शिंपडायचे, दुपारी शिंपडायचे, आणि मधेच उठून गुंडाळीवर हात ठेवून यायचे. उलगडून बघायची मुभा त्यांनी स्वतःलाही दिली नाही.

गुंडाळी उघडली त्या सकाळी मी शाळेला उशीर केला. पहिल्या ओळीत काहीच नव्हतं. दाणे फुगून मऊ झालेले, एक-दोन चक्क कुजलेले. राधिकेनं ओठ घट्ट मिटले. दुसरी ओळ उलगडली, तर तिथे एक कोंब. पांढरा, आकड्यासारखा वळलेला. त्याच्या पलीकडे आणखी एक. मग जरा दाटीनं. शेवटपर्यंत उलगडून झालं तेव्हा निम्म्याहून जरा कमीच उगवले होते.

शंभरात सत्तर म्हणणाऱ्या माणसाकडे आम्ही तिघी बघत राहिलो. माझ्या भावाचं पोतं याहून बरं होतं, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. भासरे बराच वेळ वाकून त्या कोंबांकडे पाहत होते. मग म्हणाले, "बी हाये."

राधिकेनं हिशोब सांगितला. उरलेल्यातलं अर्धं बी चीर न पाडता ती सोबत नेणार होती, थंडीत केंद्रात लावायला. बाकीचं चीर पाडून, या कोंबांबरोबर इथेच, आताच पेरायचं. पोळा होऊन गेला होता, पण दिवस लहान होत जातात तसं हे लवकर फुलावर येतं. पाऊस गेल्यावर विहिरीचं पाणी द्यावं लागेल. पेरायचं कुठे हा प्रश्न होता, कारण सगळ्या शिवारात सोयाबीन उभं होतं. परसात लावू, असं तिनंच सुचवलं. जाऊ म्हणाली, परसात कोंबड्या येतात. 

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी डबा घेऊन शेतात गेले. विहिरीजवळ पोचले तर भासरे वाकून सोयाबीन उपटत होते. भेसळ काढतात तसं एखादं झाड नव्हे, ओळच्या ओळ. त्यांच्याच हातचं, त्यांच्याच निवडक बियाचं, शेंगांनी भरलेलं पीक. शेंगा अजून हिरव्याच होत्या. आणखी महिनाभर उभं राहिलं असतं तर त्याचं उत्तम बी झालं असतं. आता ते गुरांपुढे टाकण्यापलीकडे कशाच्याच कामाचं नव्हतं. अर्धा पट्टा मोकळा झाला होता. मोकळ्या झालेल्या मातीत राधिका काडीनं छिद्रं पाडत होती आणि एकेक कोंब आलेला दाणा सोडत होती.

शेजारच्या शेतातला जगदेव धुऱ्यावर येऊन थांबला. असं पीक उपटताना त्यानं कुणाला पाहिलं नसणार, आणि भासऱ्यांना तर नाहीच.

"शालिकभाऊ," तो म्हणाला, "भरल्या शेंगा काहून उपटून राह्यले?"

भासऱ्यांनी हातातलं झाड बाजूच्या ढिगावर टाकलं. कंबर सरळ केली नाही, पुढचं झाड धरलं.

"पोरीची जागा हाये," ते म्हणाले. "म्याच दाबून बसलो होतो."

राधिकेचा हात थांबला. ती आमच्याकडे पाठमोरी होती, तिचं तोंड मला दिसलं नाही. जरा वेळानं तिनं काडी पुन्हा मातीत घातली, दाणा सोडला आणि बोटांनी वरून माती सारली.